नारोबा कोट शिकला

एका गावात नारोबा नावाचा एक भोळा शिंपी होता. सदरे-लेंगे झकास शिवायचा, पण कोट येत नव्हता. रावजी पाटलांच्या जयवंताला लग्नात कोटच हवा होता. म्हणून नारोबाची बायको येसू हिने फोनवर शिवणाचा वर्ग लावून दिला. शहरातल्या मृणालबाई रोज समोर दिसायच्या, शिवता शिवता शिकवायच्या.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापला आवाज बंद ठेवा."

नारोबाने तोंड मिटलं. तेवढ्यात रावजी आले. "कोट वेळेवर होईल ना?" नारोबा गप्प. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. रावजी चिडून गेले.

येसू म्हणाली, "अहो, फोनचा आवाज! आणि कुणी काही विचारलं की हात वर करायचा. वर्गात असंच असतं."

"हे आधी नाही का सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी रावजी शिडीवर चढून दाराला तोरण बांधत होते. शिडी नारोबाने धरली होती. वरून रावजींनी विचारलं, "नीट धरलीय ना?"

नारोबाने दोन्ही हात वर केले. रावजी थेट कडब्याच्या गंजीत!

येसूने कपाळावर हात मारला. "स्वतःचं डोकं चालवू नका. बाई करतील तस्सं करा."

"हे आधी नाही का सांगायचं?"

तिसऱ्या दिवशी बाईंनी कात्री उचलली, 'आ' केला आणि तशाच राहिल्या. नारोबानेही कात्री उचलली, 'आ' केला. येसू बाजारातून आली तरी तसाच. तोंडात माशी जाऊन आली होती.

"अहो, बाई नाही थांबल्या, फोन अडकलाय! अडकलं की बाहेर पडायचं आणि परत आत यायचं."

"हे आधी नाही का सांगायचं?"

कोट झाला कसाबसा. लग्नाचा दिवस आला. शाळेच्या पटांगणात त्या दिवशी दोन लग्नं, दोन मांडव शेजारी-शेजारी. जयवंत कोट घालून, बाशिंग बांधून उभा राहिला. कोट बघून रावजीसुद्धा खूश. नारोबाची छाती फुगली.

भटजींनी मंगलाष्टक धरलं आणि ऐन मध्येच त्यांना ठसका लागला. शब्द पुढे जाईना.

"अडकलं!" नारोबा ओरडला. त्याने जयवंताचा हात धरला आणि धावतच त्याला मांडवाबाहेर काढलं. जयवंताला वाटलं, हाही एखादा विधी असेल. नारोबाने गर्रकन वळून त्याला परत आत नेलं.

आत अंतरपाट धरलेला होता. मुहूर्त टळत चालला होता. बाशिंगवाला नवरदेव दिसताच भटजी गरजले, "शुभमंगल सावधान!" अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. अंतरपाट सरला. नवरीने हार घातला, मान वर केली आणि किंचाळली, "अगं बाई, हे कोण?"

मांडव शेजारचा होता. तिथला नवरदेव अजून मारुतीच्या पाया पडत होता.

येसू धापा टाकत आली. "अहो, हे काय करून बसलात?"

नारोबा शांतपणे म्हणाला, "परत कुठल्या मांडवात यायचं, हे आधी नाही का सांगायचं?"