वाकलेलं हेड आणि देवीची घंटा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या अख्ख्या राज्यात एकच मोटार होती, आणि तीसुद्धा तेव्हाच म्हातारी झाली होती.

डोंगरमाथ्यावरच्या एका गावानं ती राजाकडून मागून आणली होती. गावातून खाली उतरायला एकच घाट. आजारी माणूस असो, बाळंतीण असो की मिठाची पोती, सगळं त्या मोटारीतूनच जायचं-यायचं. ती चालवायचा यसाजी. त्याचा जीव बायकोपेक्षा मोटारीवर जास्त, असं त्याची बायकोच चारचौघांत सांगायची, आणि यसाजी तिला कधी खोटं पाडायचा नाही.

गावाचंही मोटारीवर प्रेम कमी नव्हतं. देवीच्या देवळामागं गरम पाण्याचं कुंड होतं. त्या पाण्यानं खरूज जाते, दुखरे सांधे मोकळे होतात, अशी त्याची ख्याती. मग गावानं ठरवलं, की जे माणसाला चांगलं ते मोटारीलाही चांगलं. इंजिन गार ठेवायला दर खेपेला तिच्या पोटात कळशीभर कुंडाचं पाणी ओतायचं, आणि ओतायचा मान आळीपाळीनं एकेका घराचा. मोटार बिचारी मुकाट्यानं प्यायची.

त्या वर्षी गावानं देवीसाठी मोठी घंटा ओतून घेतली. घंटा घाटाच्या पायथ्याशी तयार होती. बैलांना ते ओझं चढावर ओढवणार नव्हतं, म्हणून जत्रेच्या दिवशी ती मोटारीतून वर न्यायची होती. आणि नेमकी जत्रा तोंडावर आली असताना मोटारीनं घाटात दम तोडला. पांढऱ्या वाफेचे लोट निघाले, आणि इंजिनातल्या तेलात पाणी मिसळून त्याचं पार ताक झालं.

पंच बसले. त्यांनी सांगितलं, "जत्रेला घंटा वर आली तर मोटार राहील. नाही आली, तर मोटार भट्टीत घालू आणि तिच्या लोखंडाचे नांगरफाळ करू."

यसाजीनं बैल जुंपले आणि मोटार पायथ्याच्या गोजराआजीकडे उतरवली. ही गोजराआजी लोहारीण. हाताची कसबी आणि तोंडाची फाटकी. आपल्यासारखी लोहारीण सात गावांत नाही, हे ती कुणी न विचारताच सांगायची.

इंजिनाच्या माथ्यावर एक जड लोखंडी झाकण असतं. आतला जाळ आणि त्याच्याभोवती फिरणारं पाणी एकमेकांपासून वेगळं ठेवायचं काम त्याचं. त्याला हेड म्हणतात. आजीनं ते हेड उतरवलं, तेवढ्यात गावचे पाटील घामाघूम होऊन हजर झाले. त्यांनी राजाच्या कोठारातून नवंकोरं हेड आणलं होतं, रेशमी फडक्यात गुंडाळून.

"कोठारातलं हे शेवटचं," पाटील म्हणाले. "यापुढं मिळायचं नाही. पण आता विचार कशाला? जुनं फेक, हे बसव आणि घंटा उचल."

"जुनं वाकलंय का फुटलंय, ते तरी बघू द्या पाटील," आजी म्हणाली. "फुटलं असलं तर मीच पहिली उचलून फेकीन."

तिनं हेडवर पोलादी पट्टी उभी धरली. पट्टीखाली मधोमध उजेडाची बारीक फट दिसली. हेड वाकलं होतं. मग तिनं हेडला रॉकेल चोपडलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड पसरली.

"तडा असंल तर आत मुरलेलं रॉकेल वर येईल," ती म्हणाली. "पांढऱ्यावर काळी रेघ उमटली, की समजायचं संपलं."

तिघंही त्या पुडीकडे बघत बसले. यसाजीनं पापणीसुद्धा हलवली नाही. बराच वेळ गेला, पण रेघ काही उमटली नाही.

"फुटलेलं न्हाई," आजी म्हणाली. "सरळ करता येईल. पण घासायला वेळ लागंल, आणि मला घाई खपत न्हाई."

"नवं हातात असताना जुनं घासत बसायचं?" पाटील म्हणाले. "लोक मला वेड्यात काढतील!"

खरं सांगायचं तर यसाजीचं मनही नव्याकडेच झुकलं होतं. जत्रा चुकली तर मोटार कायमची जाणार होती. तो नवं हेड घ्यायला उठला आणि दारातच ठेचकाळला.

दार आपोआप लागू नये म्हणून आजीनं तिथं एक गंजकं लोखंड लावलं होतं. ते मागच्या खेपेचं हेड होतं. तेव्हाही असंच झालं होतं. मोटार तापली, हेड गेलं, नवं बसवलं, आणि जुन्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. यसाजीनं आज पहिल्यांदाच ते उचललं. पट्टी लावली, तर तेही मधोमध वाकलेलं.

"आजी, दोन्ही एकाच जागी वाकलीत," तो म्हणाला. "मग खोट हेडमध्ये कशी असेल?"

त्यानं हेडच्या पाण्याच्या भोकात तार घातली. आतून पांढरं, दगडासारखं कीटण निघालं. त्याचा कण त्यानं जिभेवर ठेवला. ती तुरट-खारट चव त्याला लहानपणापासून ठाऊक होती.

"कुंडाचं पाणी," तो हळूच म्हणाला. "पाटील, पाणी आटतं आणि खार आत साचतो. पाण्याच्या वाटाच बुजल्यात. पाणी फिरत नाही म्हणून मोटार तापते, आणि तापते म्हणून हेड वाकतं. हे नवं बसवलं तर तेही वाकेल. मग आपण कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

पाटील लालबुंद झाले. "देवीचं पाणी बाधलं म्हणतोस? हे गावात सांगशील?"

"सांगेन. ते पाणी माणसाच्या अंगाला गुणाचं आहे. लोखंडाला पाजा, असं देवी कधी म्हणाली? ते आपणच ठरवलं."

पहिली कळशी पाटलांनीच तर ओतली होती. त्यांनी नवं हेड पुन्हा रेशमात गुंडाळलं.

मग आजीची भट्टी पेटली. तिनं सपाट पोलादी पाटाला नीळ फासली आणि त्यावर हेड फिरवलं. जिथं निळा डाग उठे, तिथं उंचवटा. तो घासायचा, पुन्हा नीळ, पुन्हा घासायचं. यसाजीचे हात निळे झाले, खांदे भरून आले, पण एकदाचा हेडवर सगळीकडे सारखा निळा रंग चढला आणि आजी चक्क हसली. पायथ्याच्या बायकांनी चिंच कोळून दिली. चिंचेच्या उकळत्या पाण्यानं तांब्या-पितळेसारखंच मोटारीचं पोटही स्वच्छ झालं, आणि वाटा बुजवणारा खार विरघळून बाहेर आला. मग सगळं नीट धुऊन हेड जागच्या जागी आवळलं.

जत्रेचा दिवस उजाडला. घंटा मोटारीत चढवून दोरांनी बांधली. त्या खेपेचा मान पाटलांच्याच घराचा होता. ते कुंडाच्या पाण्याची कळशी घेऊन पुढं आले आणि घंटा चढवायला खाली उतरलेली मंडळी बघू लागली. पाटील क्षणभर थांबले. मग वाकून त्यांनी सगळं पाणी मोटारीच्या चाकांवर वाहिलं, हात जोडले आणि ओरडले, "पोटात ओढ्याचं गोडं पाणी घाला रे!"

मोटार निघाली. घंटेचा लोलक बांधायची कुणालाच आठवण राहिली नव्हती, त्यामुळं ती प्रत्येक वळणावर वाजत होती. जिथं मोटार हमखास उकळायची, ते वळण आलं. यसाजीनं बाहेर हात काढून पत्र्याला लावला. पत्रा कोमट होता. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं मोटारीला आणखी जोर दिला.

माथ्यावरच्या लोकांना मोटार दिसण्याआधी घंटाच ऐकू आली. म्हातारी माणसं घरातून धावत बाहेर आली, ढोल वाजू लागले. गुलालाच्या ढगातून मोटार देवळापुढं येऊन थांबली, आणि तिच्यातून सगळ्यात आधी गोजराआजी उतरली. आपल्यासारखी लोहारीण सात गावांत नाही, असं तिनं जत्रेला ठणकावून सांगितलं. त्या दिवशी कुणीही तिला अडवलं नाही.

ती मोटार त्यानंतर कितीतरी वर्षं घाट चढत राहिली. नवं हेड देवळाच्या कोनाड्यात रेशमातच राहिलं. त्याची गाठ सोडायची वेळ गावावर कधीच आली नाही.

म्हणून लहानथोरांनो, लक्षात ठेवा: मोडलेलं दुरुस्त करावं की बदलावं हे ठरवण्याआधी ते कशानं मोडलं हे शोधावं, नाहीतर नवंही त्याच जागी मोडतं.