पट्टी सोडताना

“मग दाते वर कसे, ते सांगा ना मला!”

गुळवणी सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा बाबालाल मिस्त्री बशीतला चहा फुंकत होते. चहा गरम असताना मिस्त्री उत्तर देत नसत.

विश्राम गुळवणी म्हणजे तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं यंत्रशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. गडहिंग्लजच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी हौसेनं सुतारकामाचं वर्कशॉप थाटलं होतं आणि त्यात एक बँड सॉ आणून बसवली होती. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी. पट्टीचे दाते खाली तोंड करून लाकडात उतरायला हवेत, हे शेंबड्या पोरालाही कळेल. सरांचे दाते मात्र आभाळाकडे बघत होते.

“दोन पट्ट्या झाल्या, मिस्त्री. दोन्ही सदोष! दाते समोर आणले की वर बघतात. खाली वळवले की पाठीमागं जातात. सकाळपासून अकरा वेळा फिरवून लावली. कारखान्यातच उलटे दाते पाडलेत, दुसरं काय?”

“दुकानदार काय म्हनला?”

“आप्पासो मगदूम? तो काय म्हणणार! माझाच विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसायचा. काल पहिली पट्टी परत नेऊन टाकली त्याच्या काउंटरवर. म्हटलं, तेव्हाही दगड होतास आणि आताही दगडच आहेस. चार गिऱ्हाइकं उभी होती, ऐकू दे म्हटलं त्यांनाही.”

“आनि त्यो?”

“‘बरं सर’ म्हणाला आणि दुसरी दिली.”

“बरं सर म्हनला…”

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली.

चाळीस वर्षं त्यांनी लाकडाच्या वखारीत करवतीच्या पट्ट्या चढवल्या, उतरवल्या, त्यांना धार लावली. त्यांच्या दोन्ही हातांची दहाच्या दहा बोटं जागच्या जागी होती. त्या धंद्यात याहून मोठं प्रमाणपत्र नाही, म्हणूनच तर सरांनी त्यांना बोलावलं होतं. मात्र शिकायला नव्हे. पट्टी चुकीची आहे, असं कुणीतरी जाणत्यानं म्हणावं, एवढ्यासाठी.

मिस्त्री उठले. यंत्राकडे न जाता आधी भिंतीकडे गेले, प्लग उपसला आणि वायरसकट आणून यंत्राच्या टेबलावर ठेवला.

“बटण बंद आहे,” सर म्हणाले.

“बटन कुनीबी दाबतंय. ह्यो डोळ्याम्होरं असला म्हंजे बरं.”

मग त्यांनी पिशवीतून जाड कापडी हातमोजे काढले, ताण सैल केला आणि पट्टी दोन्ही चाकांवरून अलगद उतरवली. कड्यासारखी हातात धरून तिच्याकडे नुसते बघत राहिले.

“आहे ना चुकीची?”

“तुमी फिरवली लई, सर. उलटवली न्हाई.”

“तेच केलं की मी! अकरा वेळा!”

मिस्त्रींनी पट्टी भिंतीशी टेकवली, डाव्या हातातला मोजा काढला आणि सरांपुढं टेबलावर ठेवला.

“डाव्या हाताचा हाय. उजव्यात घाला.”

सरांनी हसतच तो उचलला. फिरवला. पालथा केला. अंगठा प्रत्येक वेळी भलत्याच बाजूला येई. सरांचं हसू हळूहळू आटलं…

मिस्त्रींनी मोजा परत घेतला, आतली बाजू बाहेर ओढून काढली आणि सरांच्या उजव्या हातात चढवला. अगदी बेतून शिवल्यासारखा बसला.

 एकतीस वर्षं फळ्यावर आकृत्या काढणारा माणूस आपल्या हाताकडे बघत उभा होता. मग खालच्या आवाजात म्हणाला, “म्हणजे पट्ट्या… दोन्ही बरोबर होत्या?”

“पट्ट्या बरोबरच हुत्या.”

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. डोळ्यांपुढं आप्पासो आला, काउंटरवर टाकलेली पट्टी मुकाट्यानं उचलणारा. खरं तर तो काहीतरी सांगायला तोंड उघडत होता. ‘सर, ती आतून…’ एवढं तर नक्कीच म्हणाला होता. पुढचं सरांनी ऐकूनच घेतलं नव्हतं.

“धरा,” मिस्त्री म्हणाले. दुसरा मोजाही त्यांनी तसाच उलटवून सरांच्या डाव्या हातात चढवला.

सरांच्या हातांवर आपले हात ठेवून त्यांनी पट्टी पिळली. ती क्षणभर अडून बसली आणि मग आतली बाजू बाहेर आली. दाते समोर, आणि तोंड खाली.

“झालं?” सर लावायला निघाले.

“थांबा. गुंडाळायला बी शिका. उद्या मी नसन.”

मिस्त्रींनी कड्याची खालची बाजू चपलेखाली दाबली, वरून एक पीळ दिला आणि तिची तीन वेटोळी केली. एवढी मोठी पट्टी बघता बघता ताटाएवढी होऊन गप बसली. ती त्यांनी सरांच्या हातात दिली.

“आता सोडा. पर आधी मोठ्यानं ‘सोडतोय’ म्हना.”

“कुणाला सांगायचं? इथं आपण दोघंच तर आहोत.”

“मी हाय न्हवं?”

“अहो, पण तुम्हाला दिसतंय की!”

“गुंडाळलेली पट्टी गप दिसती, सर. जोर आत असतोय. न सांगता सोडली की म्होरच्याच्या तोंडावर जाती. वखारीत हाक मारल्याबिगर कुनी पट्टी सोडत न्हाई. एकटा असला तरी.”

सर पुटपुटले, “सोडतोय…”

“मला न्हाई आलं ऐकू.”

“सोडतोय!”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरांच्या मंडळींचा आवाज आला, “अहो, काय सोडताय? नोकरी तर कधीच सुटली!”

मिस्त्री खळखळून हसत चार पावलं मागं सरकले. सरांनी हात लांब धरून वेटोळं सैल केलं. पट्टी फणकारली, हवेत झेपावली, आणि तिचं पूर्वीसारखं कडं होऊन सरांच्या हातात थरथरत राहिलं. कुणाला काही लागलं नाही.

मग सरांनी पट्टी स्वतः चढवली. ताण दिला. वरचं चाक हातानंच फिरवून पट्टी मधोमध धावते का, ते बघितलं. मिस्त्रींनी मान हलवली, तेव्हा कुठं झाकणं लागली आणि प्लग भिंतीत गेला. फणसाच्या लाकडाचा एक तुकडा पट्टीपुढं सरकला आणि सुरी लोण्यात जावी तसा चिरला गेला. पिवळा धमक भुसा सरांच्या चपलांवर पडला. त्यांना फार बरं वाटलं. इतकं साधं बरं त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच वाटत होतं.

तरीही एक सल होताच.

मिस्त्री पिशवी भरू लागले, तसे सर म्हणाले, “मी आत्ताच आप्पासोकडे जाऊन येतो. त्याला म्हणतो, कंपनीनं पट्टीबरोबर सूचनांचा कागद द्यायला हवा होता. तो नव्हता, म्हणून माझा जरासा…”

“पुन्यांदा फिरवून लावताय, सर.”

सर निघता निघता थांबले.

यंत्र बंद होतं. शेडमध्ये फणसाचा वास भरून राहिला होता. सरांच्या हातात अजून ते मोजे होते, दोन्ही आतून बाहेर केलेले…

“त्या गिऱ्हाइकांपैकी कुणी असेल आजही तिथं,” ते म्हणाले.

“असंल की.”

“मग त्याला म्हणू तरी काय, मिस्त्री?”

बाबालाल मिस्त्रींनी उंबऱ्यापाशी पिशवी खांद्याला लावली.

“पट्टी सोडताना म्हनला, त्येच. हितं ताठा सोडायचा, एवढंच.”