वळणावर कोण ओरडलं

आईशप्पथ, खरं घडलेलं आहे. म्हणजे वळण खरं आहे, लिंबाचं झाड खरं आहे. बाकी मला ज्याने सांगितलं, तो स्वतःचं वयसुद्धा दर वेळी वेगळं सांगतो.

"मग चाक किंचाळतं कशाने, बाबा?" इंजिनियर देवस्थळी साहेबांनी विचारलं. "या दौलतने ग्रीस लावलं नाही म्हणूनच ना?"

घाटात रेल्वेचं कोपरासारखं वळण आहे. त्याच्या शेजारी लतीफबाबा राहायचे. आधी रेल्वेत होते, मग फकीर झाले. कमाईत फारसा फरक पडला नाही.

आदल्या दिवशी तिथून कुणा मोठ्या अधिकाऱ्याचा डबा गेला. चाकं किंचाळली, अधिकाऱ्याची झोप मोडली. म्हणून चौकशी. दौलत गँगमनची नोकरी जाणार होती.

"लावलं होतं, साहेब," दौलत म्हणाला. "रुळाच्या कडेला."

"वर का नाही?"

"वर लावलं तर गाडी थांबायची कशी?"

"तू मला शिकवू नकोस."

बाबा उठले. एक बांबू आणला. एक टोक दौलतच्या खांद्याला बांधलं, दुसरं साहेबांच्या.

"तुम्ही दोघं एका आसाची दोन चाकं. लिंबाला फेरी मारा. पावलं सारखीच टाकायची. तोंड समोर. मान वळवायची नाही."

दौलत आत, साहेब बाहेर. तिसऱ्या पावलाला साहेब आडवे फरफटले. घोटा दगडावर खरवडला.

"आई गं!"

"कोण ओरडलं?"

"मी! बाहेरच्याला लांब पडतं, पावलं मात्र सारखी... तोंड एकीकडे, जायचं दुसरीकडे! पाय घासणारच ना!"

"दौलतने ग्रीस कमी लावलं असेल," बाबा म्हणाले.

साहेबांनी वाकून बाबांचे पाय धरले. डोळ्यांत पाणी. बांबू बांधलेलाच होता, त्यामुळे दौलतलाही वाकावं लागलं.

"कळलं, बाबा. दोष वळणाचा. माणसाचा नाही."

मग त्यांनी खिशातून फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता: दोषी कर्मचारी.

"वळण कर्मचारी नाही ना," साहेब हळूच म्हणाले. "आणि रिकामा सोडला तर माझं नाव घालतात."

त्यांनी दौलतचं नाव लिहिलं. आडनाव आठवेना, ते दौलतलाच विचारलं. दौलतने सांगितलं. आता फक्त सही राहिली होती.

बाबांनी हात पुढे केला.

"शिकवणीची दक्षिणा द्या, साहेब."

साहेबांनी पाकीट उघडलं.

"ते राहू द्या... पेन द्या."