राखेची डबी

विडी-सिगारेटला मी जन्मात हात लावला नाही, हे तीन दिवस घसा कोरडा करून सांगितलं, पण कुणाला खरं वाटलं नाही. सूट घातलेला माणूस बोलला की झाडूवालीचं कोण ऐकतं?

विमानतळावर मी विमानं झाडते. आमच्या कंपनीची तीन विमानं इंजिनापायी बंद पडली, तेव्हा कोरगावकर साहेबांनी परदेशातून एक विमान भाड्याने आणलं. फक्त चार वर्षं वापरलेलं, म्हणून मिरवलं. पहिल्याच फेरीत प्रवाशाला खुर्चीच्या हातात सिगारेटचं थोटूक सापडलं. साहेबांनी लगेच माझं नाव पुढे केलं.

मोठ्या ऑफिसच्या आफळे मॅडम चौकशीला विमानातच आल्या.

साहेब म्हणाले, "या बायका झाडायच्या नावाखाली आत बसून ओढतात. हिला आजच काढा."

मी विचारलं, "साहेब, विमान चार वर्षांचंच ना?"

"कागद आहेत माझ्याकडे."

"आणि विमानात सिगारेटला बंदी कधीपासून?"

"पंचवीस वर्षं तरी झाली. एवढंही माहीत नाही तुला?"

"चौथी शिकलेय, म्हणून विचारते." मी खुर्चीच्या हातावरचं पत्र्याचं झाकण उघडलं. आत राख झाडायची डबी होती. "थोटूक मी टाकलं, असं घटकाभर धरून चाला. पण ही डबी प्रत्येक खुर्चीला मीच बसवली का?"

मॅडमनी स्वतः चार झाकणं उघडून पाहिली. साहेब खिडकीबाहेर बघू लागले. मग मॅडमनी चौकशीच्या कागदावरचं माझं नाव, 'द्वारका', खोडलं आणि दोषी म्हणून लिहिलं, वसंत कोरगावकर.