मान हलवणाऱ्यांची सभा

कोंबड्या स्वतःचं सरकार निवडून द्यायच्या, त्या काळातली ही गोष्ट. खुराड्यातल्या सभेत ठराव पसंत असला की मान हलवायची, असा रिवाज होता. आता कोंबडीची मान काय, दाणा दिसला तरी हलते आणि नाही दिसला तरी हलते. त्यामुळे आजवर एकही ठराव पडला नव्हता.

सरपंच होते तुर्रेराव नावाचे कोंबडे. त्यांनी एका कोल्ह्याला सल्लागार नेमलं होतं, कारण त्याचं बोलणं कुणालाच कळायचं नाही. एके दिवशी कुंपणाबाहेर बसून कोल्ह्यानं ठराव मांडला, "सायंकालोत्तर कुक्कुटगृह-निरर्गलीकरण."

"काय अभ्यास आहे," तुर्रेराव म्हणाले. माना हलल्या.

ठिपकी कोंबडीचीही हलली, पण मग तिला घरची पिल्लं आठवली. आज काय ठरलं, असं पिल्लं विचारणार, आणि आपण काय सांगणार? सगळ्या आपल्याला अडाणी म्हणतील हे माहीत असूनही ती खाकरली. "कोल्हेदादा, हे माझ्या पिल्लांना कसं सांगू?"

पिल्लांचं नाव निघताच कोल्ह्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि भाषा एकदम सोपी झाली.

"सांगायचं, रात्री दाराची कडी काढून ठेवायची."

"कशाला?"

"मला आत यायला."

"आत येऊन काय करणार?"

"जेवणार," कोल्हा बोलून गेला.

कोंबड्या कुंपणापासून दोन पावलं मागे सरकल्या.

"मला हे आधीच कळलं होतं," तुर्रेराव छाती फुगवून म्हणाले.

त्या खुराड्यात पहिल्यांदाच एकही मान हलली नाही.