म्हशीचा घास
पाखरं आपापल्या गोष्टी स्वतःच रचत, त्या काळातली ही हकिकत. कुरणावरच्या एका साळुंकीला वादळात पडलेल्या जांभळाची लांबलचक गोष्ट रचायची होती. ते झाड पाहिलेली ती एकटीच उरली होती. पण घरट्यात पिल्लं सदा चोच वासून बसलेली. म्हशीच्या पाठीवर किडे टिपताना ती रोज म्हणे, "जरा उसंत मिळू दे गं. सुरुवात कशी झोकात व्हायला हवी!"

एके दिवशी म्हशीनं सहज विचारलं, "तू जन्मलीस ती ढोली त्या जांभळाच्या कुठल्या अंगाला होती गं?"

साळुंकीला काही केल्या आठवेना. तिचा चेहराच उतरला.

"बाई," म्हैस म्हणाली, "चरताना मी चावत बसत नाही. मिळेल तो घास तसाच पोटात ढकलते. रवंथ करायला संध्याकाळ आहेच. पण पोटात काही गेलंच नसेल, तर संध्याकाळी बसून चघळू काय?"

तिकडे पिल्लांनी कालवा मांडला होता. नाकतोडा चोचीत धरूनच साळुंकी घाईघाईनं पुटपुटली, "एक जांभूळ होतं... जरा वाकडंच होतं."

म्हशीनं कान टवकारले.

"बरं, मग?"