सुगंधाबाईंचं मागणं

“पण भन्तेजी, त्यांच्याकडून खरी इच्छा काढून घ्यायची कशी?”

निशिकांतनं हे विचारलं तेव्हा मी विहाराच्या दारात होते. आमचं घर भिंतीला भिंत लागून. भन्तेजींना सकाळी दिलेला डबा परत न्यायला आले होते. डबा हातात आला, तरी मी काही निघाले नाही.

निशिकांत कॅन्सरच्या दवाखान्यात सेवेला जातो. जे बरे होणार नाहीत, त्यांना शेवटचं काय हवंय ते विचारतो आणि करून देतो. पगार नाही, काही नाही. डोळे लाल, दाढी वाढलेली, अंगात कालचाच शर्ट.

भन्तेजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांचे गुडघे आताशा साथ देत नाहीत.

“कोणाकडून?”

“सुगंधाबाई. अंगणवाडीत मदतनीस होत्या. डॉक्टर म्हणतात, आठवडाही काढणार नाहीत.” तो मान ताठ करून म्हणाला, “आजवर माझ्या हातून एकही माणूस इच्छा मनात घेऊन गेला नाही, भन्तेजी. एका आजोबांसाठी त्यांची शेळी वॉर्डात नेली मी.”

“शेळी?” मला राहवलं नाही.

“जिन्यानं, काकू. लिफ्टमध्ये येईना ती.”

भन्तेजी हसले. मग म्हणाले, “आणि सुगंधाबाई?”

“काही मागतच नाहीत. लेकीला बोलावू? परवाच येऊन गेली म्हणतात. गावी नेऊन आणू? नको. काही खावंसं वाटतं? नको…”

“काहीच बोलत नाहीत?”

निशिकांत घुटमळला.

“म्हणतात, किती वाळलास रे बाबू. बस इथं खाली. तुझ्या डोक्याला तेल लावून देते.”

“मग?”

“मग काय… हाताला सुई टोचलेली. चमचा धरवत नाही त्यांना. आणि मी त्यांच्याकडून सेवा करून घेऊ? मी तिथं द्यायला जातो, भन्तेजी. घ्यायला नाही.”

“हे सांगितलंस त्यांना?”

“सांगितलं. तरी रोज तेच.”

“आजही?”

“आज…” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “आज काही म्हणाल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.”

वर पंखा कुरकुरत होता.

भन्तेजी भिंतीच्या आधारानं उठले. खिडकीत त्यांचं भिक्षापात्र पालथं घातलेलं होतं. चीवर घेतल्यापासून लोकांनी त्यात जे वाढलं, तेच ते खात आलेत. ते पात्र त्यांनी आणलं आणि निशिकांतच्या हातात दिलं.

तो गोंधळला. घाईघाईनं पिशवी चाचपली, एक केळं काढलं आणि पात्रात ठेवायला गेला.

भन्तेजींनी त्याचं मनगट धरलं.

“टाकू नकोस… नुसतं धर.”